दहा ते तीस पटीची दुर्बीण

मला दिसलं नव्हतं आणि मी दिसतंय असं सांगितलं. चूक एवढीच. लिहायला एक ओळ पुरली, पण बायकोसमोर तेवढंच म्हणायला मला जानेवारीपासून ऑक्टोबर उजाडला, आणि मधल्या काळात ती स्वतःच्या हातांना घाबरू लागली. ती दातांची डॉक्टर आहे. तिचं सगळं काम हातांवर चालतं.

मी तसं का सांगितलं हे मला अजून नीट उमगलेलं नाही. कधी वाटतं अहंकारापोटी, कधी वाटतं घाईत. आणि कधीकधी, गाडी चालवताना वगैरे, एक फार वाईट शंका येते की मला ते तसंच व्हायला हवं होतं. म्हणून पहिल्यापासून लिहून पाहतो. लिहिल्यावर कळेल अशी खात्री नाही.

आम्ही ॲरिझोनात, चँडलरला राहतो. मी चिप बनवणाऱ्या कारखान्यात आहे. प्रकाशाने सिलिकॉनवर नक्षी उमटवतात त्या विभागात. म्हणजे भिंगांशी माझा रोजचा संबंध. मी पुण्याचा, ज्या घरात अंडंसुद्धा आलं नाही अशा घरातला. ती नागपूरची. लग्न ठरलं तेव्हा तोडगा असा निघाला की मटण तिने करावं, तिने खावं आणि त्याची भांडी वेगळी ठेवावीत. ती भांडी इथेही वेगळ्या कपाटात आहेत. इतक्या वर्षांत त्यावरून भांडण असं झालं नाही. मी नाक मुरडत नाही, ती आग्रह करत नाही.

मुलगा कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात गेला त्या वर्षी ती तिरंदाजी शिकायला लागली. क्लिनिकमधल्या एका पेशंटबाईंनी तिला नेलं. बाई शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या जवळ आलेल्या, उन्हाने रापलेल्या. आम्ही आपसांत त्यांना कोचबाई म्हणायचो. मला वाटलं होतं, झुंबासारखंच हेही दोन महिन्यांत सुटेल. सुटलं नाही. उलट दर शनिवारी सकाळी ती पार्कातल्या मैदानावर जायची आणि परत आली की खांदा चोळत, पण खुशीत असायची. मी एकदा बघायला गेलो होतो. धनुष्य ताणून ती उभी राहायची तेव्हा तिचा डावा हात दगडात कोरल्यासारखा स्थिर असायचा. कोचबाई मला म्हणाल्या होत्या की असे हात त्यांनी फार कमी पाहिलेत. ती हसून म्हणाली, "आयुष्यभर लोकांच्या तोंडात सुई धरलीय. हात हलवून चालतं का?"

मग एका रविवारी जेवताना तिने विषय काढला. तिच्या ताटात मटण, माझ्या ताटात वरणभात.

"कोचबाई जानेवारीत हरणाच्या शिकारीला जातात. धनुष्याने. मी पण जाणारे."

मी भात कालवत राहिलो.

"ऐकलंस का?"

"ऐकलं. पण कशासाठी?"

"हे बघ," ती ताटाकडे बोट दाखवून म्हणाली, "हे मी लहानपणापासून खातेय. पिशवीतून आणते, धुते, शिजवते. मरताना कधी बघितलं नाही. एकदा स्वतः मारून, स्वतः सोलून खाईन. जमलं तर खायचा हक्क आहे म्हणेन. नाही जमलं तर सोडून देईन."

मला ते मुळीच पटलं नव्हतं. पण तिचं म्हणणं खोडून काढण्यासारखंही माझ्याकडे काही नव्हतं. मी चामड्याचे बूट घालतो. समोरासमोर नाही म्हणायची मला सवयही नाही. आमच्या घरी नकार कधी तोंडाने दिला जात नसे. काम अंगावर घ्यायचं आणि ते इतकं नीट करायचं की होऊच नये. वडिलांनी आईचा घर रंगवायचा बेत असाच, रंगांच्या कंपन्यांची माहिती काढण्यात दोन दिवाळ्या लांबवला होता.

ती पुढे म्हणाली, "दुर्बीण लागेल एक. कोचबाई म्हणाल्या आठ पटीची घे नाहीतर दहा पटीची, बेचाळीसची. स्वस्तातली. पहिलंच वर्ष आहे, महाग नको."

"मी बघतो," मी म्हणालो.

"तू नको बघू. मॅट्रेस तू बघितली तेव्हा आपण दीड महिना जमिनीवर झोपलो."

"पण मॅट्रेस चांगली निघाली ना?"

"निघाली," ती म्हणाली. "बरं, बघ. पण जानेवारीच्या आत."

आमच्या घरी ज्या वस्तूच्या खोक्यावर आकडे असतात ती निवडण्याचं काम माझं. मिक्सर, डिशवॉशर, गाडी, सगळं. ऑनलाइन लोकांचे अभिप्राय वाचायचे, तुलना करायची, घासाघीस करून सगळ्यात जास्त गोष्टी सगळ्यात कमी पैशांत मिळवायच्या. चँडलरमधले माझे सगळे मित्र असेच आहेत. कुणी नवीन टीव्ही घेतला की आम्ही आधी टीव्ही बघत नाही, तो कसा निवडला ते विचारतो.

दुर्बिणीचे आकडे मला नवीन नव्हते. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. बेचाळीस भागिले आठ म्हणजे पाच मिलिमीटरच्या वर. पहाटे आणि तिन्हीसांजेला, जेव्हा हरणं बाहेर पडतात, तेव्हा हा झोत जाड हवा. शिवाय पट जितकी वाढेल तितका हाताचा कंप वाढतो आणि दिसणारा तुकडा लहान होतो. धनुष्याच्या शिकाऱ्याला हरणाच्या तीस-चाळीस यार्ड जवळ जावं लागतं. त्याला लांबचं मोठं करून बघायचं नसतं. जवळच्या झुडपात कान कुठला आणि पान कुठलं, बाणाच्या वाटेत काडी आहे की नाही, हे बघायचं असतं. इतकं सगळं मला तिसऱ्या-चौथ्या दिवशीच कळलं होतं. ऑफिसात नव्या मुलांना मी याहून अवघड गोष्टी शिकवतो.

आणि तरी मी दहा ते तीस पटीची, पन्नासची, झूमवाली घेतली.

माझी कारणं होती. त्याच पैशांत जास्त मिळत होतं. दहा तर त्यात होतेच, वर तीसपर्यंत जाण्याची सोय. आईबाबा आले की ग्रँड कॅनियनला उपयोग होईल. चंद्रावरचे खड्डे दिसतील. सोबत छोटा स्टँड फुकट. ही कारणं मी तेव्हा मनापासून मानत होतो असं मला वाटतं. पण एक अभिप्राय आठवतो. कुणी धनुष्याने शिकार करणाऱ्याने लिहिलं होतं की तारे बघायला ठीक आहे, झुडपात बघायला बिनकामाची. मी तो वाचला आणि पुढे सरकलो. शेकडो चांगल्या अभिप्रायांत एक वाईट, म्हणून सरकलो, की तो मला सोयीचा नव्हता म्हणून? किंवा फारच सोयीचा होता म्हणून? इथे माझी मती गुंग होते. त्या वेळचं माझं मन मला परत उघडून बघता येत नाही.

खोकं आलं तेव्हा तिने मागच्या अंगणात उभं राहून शेजाऱ्यांच्या संत्र्याच्या झाडाकडे दुर्बीण लावली.

"हलतंय रे."

"सवय होईल."

"आणि जड केवढी आहे. गळ्यात ही, हातात धनुष्य. आठची का नाही घेतलीस?"

"यात दहा आहे. वर तीसपर्यंत जाते."

"मला तीस कशाला? हरणाच्या डोळ्यातलं काजळ बघायचंय का?"

"आईबाबा आले की कॅनियनला होईल."

"म्हणजे दुर्बीण तुझ्या आईबाबांची आहे."

"सगळ्यांची आहे."

"बरं," ती म्हणाली. तिने परत एकदा डोळ्याला लावली आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "पुणेकर."

ती परत कर म्हणाली असती तर मी केली असती. ती म्हणाली नाही, कारण आकड्यांच्या बाबतीत तिचा माझ्यावर विश्वास होता. दात तिचे, आकडे माझे, अशी आमची वाटणी होती.

जानेवारीत ठरल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी कोचबाईंचा फोन आला की ताप आहे, येऊ शकत नाही. एकटीने मात्र जायचं नाही, हा त्यांचा नियम. ती फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिली. गेले कित्येक आठवडे तिने रोज अंगणात सराव केला होता. परवाना काढला होता, हरणाचा टॅग घेतला होता. तो एका हरणापुरता असतो.

"येशील?"

"मी काय करू तिथे?"

"बसायचं. गप्प. तुला जमेल ते."

अंधारात निघालो. गाव सुटलं, पूर्वेला डोंगर काळे दिसायला लागले. मी थर्मासमध्ये चहा आणि पिशवीत भाकरवडी घेतली होती. गाडीतून उतरताना तिने पिशवी माझ्या हातून काढून सीटवर ठेवली. "कुरकुर वाजते," ती कुजबुजली. वाळवंटात जानेवारीची पहाट बोचरी असते. आम्ही एका टेकडीच्या उतारावर, कोरड्या ओढ्याच्या वर, दगडाला टेकून बसलो. खाली पालो व्हर्देची झाडं, म्हणजे ज्यांचं खोडसुद्धा हिरवं असतं ती, आणि त्यांच्या बारीक डहाळ्यांचं जाळं.

इथे शिकार म्हणजे बहुतेक वेळ बसून बघणं. तिने थोडा वेळ दुर्बिणीतून पाहिलं, मग वैतागून ती माझ्याकडे दिली. "तूच बघ. मला राखाडी सोडून काही दिसत नाहीये." मी डोळ्याला लावली. दहावर ठेवली होती, हिशेबाने उजेड पुरायला हवा होता, पण स्वस्त झूमच्या आतल्या इतक्या भिंगांनी तो वाटेतच खाल्ला होता. नळीतून बघावं तसं एक लहान, करडं वर्तुळ दिसत होतं. मी तिला सांगितलं, "दिसतंय ठीक."

ते पहिलं खोटं. ते फार मोठं नव्हतं.

फटफटायला लागलं आणि ओढ्यातून दोन माद्या आल्या, त्यांच्या मागे एक नर. लहान शिंगांचा. त्यांना बघायला दुर्बिणीची गरजच नव्हती. ती इतकी हळू उठून गुडघ्यावर आली की मला तिची हालचाल जाणवलीही नाही. नर एका पालो व्हर्देच्या पलीकडे थांबला, आडवा, मान खाली. तीस-पस्तीस यार्ड असेल. तिने बाण चढवलेला होता. मान न वळवता ती कुजबुजली, "मध्ये काही आहे का? बारीक काडी? बघ नीट."

मी बघितलं. करड्या अंगावर करड्या रेषा, आणि सगळंच माझ्या श्वासाबरोबर थरथरत होतं. मी झूमची कळ वर सरकवली. चित्र मोठं झालं आणि आणखी काळं झालं. मला एक तपकिरी डाग दिसत होता. त्याच्या पुढ्यात डहाळी होती की नव्हती, हे मला त्या दुर्बिणीतून कळणं शक्य नव्हतं.

"मोकळं आहे?" तिने परत विचारलं.

"मोकळं आहे," मी म्हणालो.

प्रश्न आणि उत्तर यांच्या मध्ये माझ्या मनात काय होतं, ते मी किती वेळा आठवून पाहिलं. एक नक्की आठवतं. 'दिसत नाही' म्हणालो असतो तर ती परतीच्या वाटेवर म्हणाली असती, सांगितलं होतं ना, आठ-बेचाळीस. त्या थंडीत, त्या क्षणी, मला त्या वाक्याची भीती वाटली. इतकं क्षुल्लक. पण तेवढंच होतं का? कदाचित मला वाटलं असेल, एकदाचं संपू दे. कदाचित, आणि हे सांगायला जास्त अवघड आहे, तिची पाठ, तिचा ताणलेला खांदा बघून पहिल्यांदाच मला तिला जमावंसं वाटलं असेल. यातलं कुठलं खरं ते मला ठरवता येत नाही. सगळीच खरी असतील तर आणखी कठीण.

तिने ताणलं. हात स्थिर होता. मी तिच्या डाव्या मनगटापासून वीतभर अंतरावर बसलो होतो, मला ते स्वच्छ दिसलं. त्यासाठी दुर्बीण लागत नव्हती. बाण सुटला, एक बारीक टक् असा आवाज झाला, मग दुसरा, जड आवाज. हरीण पाठ वाकवून उडालं आणि मागचा पाय ओढत ओढ्यात दिसेनासं झालं.

"बाण मागे लागला," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "मी मागे मारला."

नियम असा की लगेच पाठलाग करायचा नाही, जनावर घाबरून लांब जातं. अर्धा तास आम्ही तिथेच बसलो. आता मात्र तिचे हात कापत होते. ती त्यांच्याकडे बघत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग खाली उतरलो. ती पुढे, वाकून दगडांवरचे रक्ताचे थेंब शोधत. मी मागे. त्या पालो व्हर्देपाशी माझ्या छातीच्या उंचीवर पेन्सिलीएवढी एक डहाळी अर्धी कापलेली, सालीने लोंबत होती. आतला भाग ओला, पांढराहिरवा. बाण तिला घासून खाली आणि मागे वळला होता. दुपारच्या उन्हात तीस यार्डांवरून कुणालाही दिसली असती, आणि पहाटे कामाच्या दुर्बिणीतूनही. मी उभा राहिलो. हाक मारायला तोंड उघडलं. ती पुढून म्हणाली, "इथे आहे, इथे रक्त आहे, लवकर ये." आणि मी गेलो.

दिवसभर शोधलं. तिने कोचबाईंना फोन लावला, त्यांनी तापात सगळं समजावलं, गोल गोल फिरत कसं शोधायचं ते. थेंब विरळ होत गेले आणि एका खडकाळ पट्ट्यावर संपले. संध्याकाळी दिवस मावळेपर्यंत ती एकेक झुडूप वाकवून बघत होती. हरीण मिळालं नाही.

गाडीपाशी आल्यावर ती म्हणाली, "माझा टॅग संपला."

"कायद्याने नाही संपलेला. मिळालं नाही तर परत जाता येतं," मी म्हणालो. नियम मी वाचले होते.

"कायद्याने नाही संपला. माझ्याकडून संपला."

त्यानंतर तिने मटण सोडलं. जेवताना ठरवून बोलली होती तसंच केलं, गाजावाजा न करता. माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर कळलं तेव्हा आई इतकी खूश झाली की काय सांगावं. "सुबुद्धी झाली हो सूनबाईंना," असं आई मला म्हणाली, बायको शेजारी बसलेली असताना. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला एका काकूंनीही तिचं कौतुक केलं, अमेरिकेत राहून असा निश्चय कोण करतं म्हणून. ती हसली. घरी येताना गाडीत म्हणाली, "अपंग करून सोडलेल्या जनावराचं बक्षीस मिळतंय मला."

ही जागा होती सांगायची. मी सिग्नलकडे बघत राहिलो. ज्याला मी इतकी वर्षं मनातून नाक मुरडत होतो ते माझ्या घरातून गेलं होतं, आणि मला ते परत यावंसं वाटत होतं. रविवारी घरात मसाला भाजल्याचा वास येत नव्हता. मी शाकाहारी माणूस, मला त्या वासाची आठवण यायला लागली. हे मी कुणाला सांगणार?

मग हातांचं सुरू झालं. सकाळी चहा होईपर्यंत ती दोन्ही हात पुढे करून बोटं ताणून उभी राहायची आणि त्यांच्याकडे टक लावून बघायची. "थरथरतात का रे?" मी म्हणायचो, "नाही." माझ्या 'नाही'ला आता काय किंमत होती ते मलाच माहीत. पण ते 'नाही' खरं होतं. उन्हाळ्यात तिने मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मीच तिला नेलं. काही निघालं नाही. ती म्हणाली, आत्ता नसेल निघालं. म्हणजे पुढे निघेल.

मी काहीच केलं नाही असं नाही. मी दुकानात गेलो. या वेळी ऑनलाइन काही वाचलं नाही. काउंटरवरच्या आठ-बेचाळीस दुर्बिणी एकेक करून उचलल्या. एका हातात पेलते का बघितलं. चष्म्यावरून सगळं वर्तुळ दिसतं का बघितलं. परवानगी घेऊन दारापाशी गेलो आणि पार्किंगच्या टोकाला, सावलीत, एक मेस्कीटचं झाड होतं त्याच्याकडे लावली. काडी न् काडी सुटी दिसली. एकीच्या मागे दुसरी, दुसरीच्या मागे पान. झूमवालीपेक्षा किंमत जेमतेम वेगळी होती. मी तिथे बराच वेळ उभा होतो. दुकानातल्या माणसाला वाटलं असेल पक्षी दिसला.

ती दुर्बीण मी तिच्यासाठी आणली. तिने अंगणात जाऊन बघितलं. "छान आहे. स्वच्छ दिसतंय," ती म्हणाली आणि खोक्यात परत ठेवली. "पण आता मला कशाला? रिटर्न करून टाक." मी केली. मला वाटतं ती माझी माफी होती. पण समोरच्याला कळलीच नाही अशी माफी कसली?

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी ती ओट्यापाशी गवार मोडत होती. मी लॅपटॉप घेऊन समोर बसलो होतो. तिने मला धनुष्य विकायची जाहिरात ऑनलाइन टाकायला सांगितली होती. विकण्याचं कामही माझ्याचकडे. मी 'उत्तम स्थितीत' एवढं लिहिलं आणि थांबलो.

ती म्हणाली, "क्लिनिकमध्ये सांगितलंय मी. अक्कलदाढा, रूट कॅनाल आता मला देऊ नका. क्लीनिंग, फिलिंग करेन. हाताचा भरवसा नाही."

"सांगून टाकलंस?"

"कालच."

मी लॅपटॉप बंद केला. "ती दुर्बीण चुकीची होती," मी म्हणालो.

"माहितीये मला. मी काही दुर्बिणीने नाही मारला."

"ऐक ना. तू विचारलंस मध्ये काडी आहे का. मला दिसत नव्हतं. काहीच दिसत नव्हतं. मी मोकळं आहे म्हणालो."

ती गवार मोडत राहिली. दोन-तीन शेंगा.

"आणि काडी होती," मी म्हणालो. "डहाळी. बाण तिला लागून वळला. मी नंतर बघितली, कापलेली."

"कधी?"

"तू पुढे रक्त शोधत होतीस तेव्हा."

"त्याच दिवशी."

"हो."

तिने शेंग खाली ठेवली. "मी न्यूरोलॉजिस्टकडे गेले होते."

"माहीत आहे."

"तू ड्राइव्ह करून नेलंस मला. पार्किंगमध्ये बसून होतास तासभर. बाहेर आले तर म्हणालास, कॉफी घेऊया का."

"हो."

"काहून?" ती म्हणाली. चिडली की ती नागपूरला जाते. "काहून असं केलं तू? मला शिकारीला पाठवायचं नव्हतं तर तोंडाने सांगायचं होतं ना. मी ऐकलं नसतं, पण सांगायचं तरी."

"मला नाही माहीत मी का केलं."

"हे उत्तर नको देऊस."

"खरंच नाही माहीत. तू आठ-बेचाळीसवरून बोलशील म्हणून असेल. त्याहून वाईटही काही असेल. मी खूप विचार केला."

"तू विचार करत होतास, आणि मी इथे रोज सकाळी हात धरून उभी राहायचे."

खिडकीतून उन्हाची तिरीप ओट्यावर आली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"सॉरी," मी म्हणालो.

"सॉरी काय? दुकानात धक्का लागला का कोणाला?"

ती बरोबर होती. तो शब्द आम्ही दिवसातून दहादा वापरतो, लिफ्टमध्ये, मीटिंगमध्ये, म्हणजे त्याला वजनच उरलेलं नाही. मराठीत मी तिची कधी माफी मागितलेली नव्हती. लग्नाला इतकी वर्षं होऊन एकदाही नाही. ते शब्द मला नाटकातले वाटायचे. मी उठलो, ओट्याच्या तिच्या बाजूला गेलो, आणि कुठे सुरुवात करायची ते न कळता जे होतं ते बोललो.

"तुझा हात हलला नव्हता. मी शेजारी होतो, मी बघितलं, जराही हलला नव्हता. ते हरीण माझ्यामुळे तसं गेलं. आणि तू इतके महिने ते स्वतःवर घेत राहिलीस आणि मी घेऊ दिलं, ते त्याहून वाईट. सोमवारी क्लिनिकला फोन कर आणि सांग की हात ठीक आहेत. कोचबाईंना मी सांगतो, माझ्या तोंडाने. माझं चुकलं. मला माफ कर. आज नको करूस, जेव्हा करावंसं वाटेल तेव्हा कर. पण चूक माझी होती, तुझी नव्हती."